थोरलीला सिलियाक निघालाय, धाकट्याची जीन टेस्ट करावी का?

रेणापूरची_लेक
नमस्कार मंडळी. इथं नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या. आम्ही लातूरला असतो. थोरली लेक ६ वर्षांची. तिचं लहानपणापासून पोट फुगलेलं, शी पातळ आणि भयंकर वासाची, वजन काही केल्या वाढेना, हिमोग्लोबिन ७ च्या पुढं जाईना. जंताचं औषध झालं, लोहाचं सिरप झालं, टॉनिक झालं, मीठ-मिरच्या उतरवून झाल्या. शेवटी पुण्याच्या डॉक्टरांनी टीटीजी नावाची रक्ताची टेस्ट केली, मग एंडोस्कोपीतून आतड्याचा तुकडा काढला आणि सिलियाक, म्हणजे गव्हामुळं आतडं खराब होणारा आजार, निघाला. गहू बंद केला आणि लेकरू वेगळंच दिसायलंय, गाल वर आलेत, मुख्य म्हणजे भांडायला लागलीय, आधी नुसती पडून असायची.

आता प्रश्न धाकट्याचा आहे. तो दीड वर्षाचा, धडधाकट आहे. डॉक्टर म्हणाले भावंडाची एचएलए जीन टेस्ट करून घ्या. आमचे हे म्हणतात करू, पण सासूबाई म्हणतात आमच्या घरात सात पिढ्यांत असलं दुखणं नाही, तुमच्याकडून आलं असंल. आता गंमत अशी की आमचं लग्न नात्यातलं, मी आत्याच्याच घरी दिलेली, सासूबाई माझी सख्खी आत्या, तेव्हा "तुमच्याकडून" म्हणजे नेमकं कुणाकडून हे त्यांनाच विचारायला पाहिजे. पण खरंच सांगा, नात्यात लग्न केल्यामुळं झालं का हे? आणि धाकट्याला गहू जितका उशिरा देऊ तितकं चांगलं असं एकीनं सांगितलं, त्यात काही तथ्य आहे का? की ही टेस्ट म्हणजे नुसता पैशाचा आणि डोक्याचा ताप?

कडक_चहा
टेस्टचे पैसे वाचवा आणि दोघांना भाकरी चारा. आमचे आबा भाकरीवर नव्वदीपर्यंत जगले, एचएलए काय अन् पीएलए काय, त्यांना नावपण माहीत नव्हतं.

गोदाकाठ
@कडक_चहा आबांच्या काळात जी लेकरं गेली ती का गेली हेपण कुणाला माहीत नव्हतं भाऊ. जगलेले तेवढेच गोष्टी सांगायला उरतात.

पोरांचा_डॉक्टर
ताई, मी नांदेडला लहान मुलांचा डॉक्टर आहे. तुमच्या लेकीला मी तपासलेलं नाही त्यामुळं इथं सांगतो ते समजून घेण्यापुरतं, निर्णय तुमच्या डॉक्टरांसोबत बसून घ्या. जरा लांबेल.

सिलियाक ही अ‍ॅलर्जी नाही, ऑटोइम्यून आजार आहे. गव्हातलं ग्लुटेन नावाचं प्रथिन पूर्ण पचत नाही, त्याचे मोठे तुकडे उरतात. आतड्यातलं ट्रान्सग्लुटामिनेज नावाचं एन्झाइम त्या तुकड्यांत बारीकसा बदल करतं आणि मग ते तुकडे पेशींवरच्या एका प्रथिनात घट्ट जाऊन बसतात. ते प्रथिन म्हणजे एचएलए डीक्यू२ किंवा डीक्यू८, त्यांच्याच जीनची टेस्ट तुम्हाला सांगितलीय. ज्याच्याकडं यातलं एक आहे त्याच्याच पांढऱ्या पेशी ग्लुटेनवर चवताळू शकतात, आणि मग मार बसतो तो आपल्याच आतड्याला, अन्न शोषून घेणारे बारीक उंचवटे सपाट होतात. लेकरू खातं पण अंगी लागत नाही ते यामुळं. टीटीजी टेस्ट त्या एन्झाइमविरुद्धच्या अँटिबॉडी मोजते.

आता जीनचं. सिलियाकच्या १०० पेशंटपैकी नव्वदहून जास्त जणांत डीक्यू२ सापडतं, राहिलेल्या बहुतेकांत डीक्यू८. दोन्ही नाहीत आणि तरी सिलियाक, असा पेशंट अगदी विरळा. पण उलटीकडून हिशोब जुळत नाही. धडधाकट माणसं तपासली तरी दर तिघांत एकाकडं यातलं काहीतरी निघतंच, आणि ज्यांच्याकडं निघतं त्यांतल्या शंभरात दोन-चार जणांनाच आजार होतो. त्यामुळं ही टेस्ट "आजार आहे" हे सांगू शकत नाही. "होणार नाही" हे मात्र जवळपास खात्रीनं सांगते, आणि भावंडांसाठी तिचा उपयोग तेवढाच आहे. निगेटिव्ह आली की त्या लेकराच्या मागची सुई कायमची सुटली.

सख्ख्या भावंडांत धोका ढोबळमानानं १० त १. एकसारखी जुळी असतील तर एकाला असल्यावर दुसऱ्याला व्हायची शक्यता पाऊण. म्हणजे वारशाचा वाटा मोठा, पण सगळाच वारसा असता तर जुळ्यांत शंभर टक्के निघाला असता.

नात्यातल्या लग्नाचं. हा थॅलेसेमियासारखा आजार नाही, की दोघांकडून एकेक खराब जीन आलं आणि झाला. इथं डीक्यू२ ची एक प्रतसुद्धा पुरते आणि ती गावात कुणाकडंही असते. फक्त नात्यातल्या लग्नात तीच प्रत आईकडूनही आणि बापाकडूनही यायची शक्यता वाढते, आणि दोन प्रती असतील तर धोका खरंच वाढतो. टेडी नावाचा मोठा अभ्यास आहे, अमेरिका, फिनलंड, जर्मनी, स्वीडनमधला. त्यात दोन डीक्यू२ असलेल्या लेकरांपैकी ११ टक्क्यांना पाच वर्षांचं होईपर्यंत सिलियाक झाला, एक डीक्यू२ आणि एक डीक्यू८ असलेल्यांत ३ टक्के. म्हणून आत्याला सांगा, कुणाचं "घराणं" शोधू नका. डीक्यू२ तर असं आहे की ते दोन भागांचं बनतं, आणि कधीकधी एक भाग आईकडून आणि एक बापाकडून येऊन लेकरात ते जुळतं.

गव्हाच्या वेळेचं उद्या लिहितो, ओपीडी भरलीय.

बालाघाटचा_वारा
डॉक्टरसाहेबांचा मान राखून सांगतो, दोष जीनचा नाहीच, दोष आजच्या हायब्रीड गव्हाचा आहे. पूर्वी आपल्याकडं खपली, बन्सी असले देशी गहू होते. तवा कुणाला सिलियाक फिलियाक नव्हता. ताई, लेकीला खपली गव्हाची चपाती देऊन बघा, माझ्या माहितीत लई जणांना सोसतो.

अंबडचा_बाप
@बालाघाटचा_वारा भाऊ हे असलं कृपया सिलियाकच्या धाग्यावर लिहू नका. खपलीत ग्लुटेन आहे. बन्सीत आहे. सेंद्रिय गव्हात आहे, गावरान गायीच्या शेणावर पिकवला तरी त्यात आहे. आमच्या पाहुण्यांत एकानं असंच "खपली सोसतो" म्हणून पोराला महिनाभर चारला, पोट दुखलं नाही म्हणून सगळे खूष, आणि तपासणीत टीटीजी पुन्हा वर. लक्षणं नाहीत म्हणजे आतड्याला मार बसत नाही असं नसतं.

माझी गोष्ट थोडी वेगळी आहे. आमच्या लेकीला सिलियाक निघाल्यावर डॉक्टर म्हणाले आई, बाप, भाऊ सगळ्यांची टीटीजी करा. मी म्हटलं माझं काय, मी तर दगड पचवतो. पण माझं हिमोग्लोबिन आयुष्यभर कमीच, रक्तदान शिबिरात प्रत्येक वेळी परत पाठवायचे, सगळे म्हणायचे याला काही लागतच नाही. टेस्टमध्ये लेकीचा निघाला त्याहून माझा आकडा मोठा. पोटाची एकसुद्धा तक्रार नव्हती, एकदाबी हगवण नाही. तेव्हा ताई, तुम्ही धाकट्याचं विचारायलात ते बरोबरच आहे, पण तुम्ही आणि भावजी, तुमची टीटीजी झाली का? आणि जमलं तर आत्याबाईंचीपण करून घ्या. त्याच निमित्तानं सात पिढ्यांचा निकाल लागंल.

रेणापूरची_लेक
@अंबडचा_बाप आमची नाही झाली हो. कुणी सांगितलंच नाही. आत्याला सुई दाखवली तर त्या थेट रेणापूरला निघून जातील, पण त्यांचं हात-पाय गळणं, रक्त कमी असणं मी लग्न होऊन आल्यापासून बघतेय. आता माझ्या डोक्यात नवीन किडा सोडलात.

नवखा_उदगीर
मग आता लग्न जुळवताना पत्रिकेसोबत एचएलए बघायची का? ३६ गुण आणि डीक्यू निगेटिव्ह 😀

सुगरण_धाराशिव
@नवखा तिघांतला एक बाद झाला तर आधीच पोरी मिळंनात त्यात आणखी भर. बस की.

पोरांचा_डॉक्टर
आलो. आधी @अंबडचा_बाप यांना दाद देतो, आई-बापांच्या तपासणीचा मुद्दा माझ्याकडून राहून गेला असता. सख्ख्या नात्यातल्या सगळ्यांची तपासणी करायला सांगतातच. रक्त न वाढणं, उंची खुंटणं, दातांचं आवरण खराब होणं, पाळी लांबणं, उलट बद्धकोष्ठता, कोपर-गुडघ्यावर खाजणारे फोड, असल्या आडवाटेनंही सिलियाक येतो.

आता गहू कधी सुरू करायचा. पूर्वी मतं होती की चार ते सहा महिन्यांच्या मधल्या खिडकीत, अंगावरचं दूध चालू असताना थोडा गहू दिला तर शरीर सरावतं. २०१४ साली दोन अभ्यास एकाच अंकात छापून आले, दोन्ही घरात सिलियाक असलेल्या बाळांवरचे. एकात लवकर थोडं ग्लुटेन दिलं, दुसऱ्यात, तो इटलीचा, काहींना सहाव्या महिन्यात आणि काहींना वर्षाचं झाल्यावर. निष्कर्ष एवढाच की लवकर देऊन टळला नाही, आणि उशिरा देऊनही पाचव्या वर्षी आकडा सारखाच, नुसता जरा पुढं ढकलला गेला. अंगावरच्या दुधानंही त्यापासून बचाव दिसला नाही. दूध इतर शंभर कारणांसाठी पाजा, पण "मी नीट पाजलं नाही म्हणून झालं" असं कुठल्याही आईनं मनात धरू नये. आता युरोपातले लहान मुलांचे पोटविकारतज्ज्ञ म्हणतात ४ ते १२ महिन्यांत केव्हाही सुरू करा, फक्त पहिले काही आठवडे आणि एकंदर बाळपणी ढीगभर नको. कारण टेडीच्याच २०१९ च्या निष्कर्षात दिसलं की जीन असलेल्या मुलांमध्ये पहिल्या पाच वर्षांत पोटात जाणारं ग्लुटेन जितकं जास्त तितका धोका जास्त. वेळेपेक्षा प्रमाण महत्त्वाचं दिसतंय. पण किती ग्रॅमपर्यंत सुरक्षित अशी रेघ अजून कुणी मारलेली नाही.

काळी_माती
हे प्रमाणाचं वाचून राहवलं नाही. मी परभणीकडचा, विद्यापीठात शिकलेला, शेतीवाला माणूस, डॉक्टर नाही. पण मला कुणी सांगा, पंजाब हरियाणात इतका सिलियाक आणि आपल्याकडं डॉक्टर लोकांना नावपण उशिरा आठवतं, हे जीनमुळं की ताटामुळं? आमच्या लहानपणी चपाती फक्त पाहुणा आला तर. रोज शाळूची भाकर. पाटवड्या, धपाटे, कण्या, सगळं ज्वारीचं. गहू तर सणाला, पुरणपोळीपुरता. आता रेशनवर गहू, लेकराच्या डब्यात चपातीचा रोल, संध्याकाळी मॅगी, भाकरी म्हटलं की पोरं नाक मुरडतात, आणि सुना (माफ करा) म्हणतात थापायला वेळ कुणाला.

पोरांचा_डॉक्टर
@काळी_माती हा प्रश्न आपल्या देशात खरंच तपासला गेलाय. २०१६ साली छापलेली पाहणी आहे, उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भारतातल्या मोठ्या माणसांची. सिलियाकच्या अँटिबॉडी उत्तरेत साधारण १.२ टक्के लोकांत, ईशान्येत त्याहून कमी, दक्षिणेत ०.१ टक्क्याच्या आसपास. पण डीक्यू२-डीक्यू८ चं प्रमाण तिन्हीकडं जवळपास सारखं, ३१ ते ३८ टक्के. गव्हात मात्र जमीन-अस्मानाचा फरक, उत्तरेत माणशी रोज सरासरी ४५५ ग्रॅम, दक्षिणेत २५ ग्रॅम. म्हणजे जीन सगळ्या देशात पसरलेलं आहे.

मुक्काम_पोस्ट_औसा
मंजे कडब्याची गंज समद्याच्या दारात हाय, इस्तू कुठं पडतोय त्येवढं बघायचं.

पोरांचा_डॉक्टर
@मुक्काम_पोस्ट_औसा आता ओपीडीत हेच सांगणार. फक्त मराठवाड्याची अशी वेगळी पाहणी माझ्या बघण्यात नाही, तेव्हा ज्वारीनं आपल्याला वाचवलं असं छातीठोक म्हणणार नाही. आपल्याकडं कमी दिसतो यात कमी तपासला जातो हाही भाग आहे. पोट फुगलेलं, खुरटलेलं लेकरू आलं की आपण कुपोषण लिहितो आणि मोकळे होतो.

निवृत्त_मास्तर
चर्चा वाचतो आहे. आमच्या काळी अशा लेकराला मुडदूस झाला म्हणत, मोठ्या माणसाला असंच झालं तर संग्रहणी. वैद्य ताकावर ठेवत असत. ताक आणि भात. गहू आपोआपच सुटत असे, आणि काही जण बरेही होत. आता विचार करतो त्यातले किती या आजाराचे असतील. बहात्तरच्या दुष्काळात आम्ही मिलो खाल्ला, अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, जनावरं खातात ती, असं सगळे चिडून म्हणत. चव आठवली की अजूनही तोंड वाकडं होतं.

गोदाकाठ
मास्तर, दुष्काळावरून आठवलं, या आजाराचं कारण सापडण्यातही दुष्काळाचा हात आहे. हॉलंडमध्ये विलेम डिके नावाचे लहान मुलांचे डॉक्टर होते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी रसद तोडली, देशात उपासमार, पाव मिळेना, लोकांनी ट्यूलिपचे कांदे खाल्ले. आणि यांच्या वॉर्डातली सिलियाकची पोरं अशा अवस्थेत बरी दिसायला लागली. पुन्हा पाव आला, पुन्हा आजारी. डिकेंना गव्हाचा संशय आधीपासून होता, युद्धाआधीच ते गहू तोडून बघत होते, पण या हिवाळ्यानं पक्कं केलं. १९५० साली त्यांनी त्यावर प्रबंध लिहिला. त्याआधी डॉक्टर केळ्यावर ठेवायचे अशा पोरांना, नुसती केळी.

कडक_चहा
केळी?? मग आमच्या अर्धापूरला पाठवायचं होतं ना. वसमत-अर्धापूरची केळी खाऊन सगळा युरोप बरा झाला असता.

शुगरवाली_आई
माझ्या मुलाला टाइप १ डायबेटिस आहे, इन्सुलिनवर आहे. त्याच्या डॉक्टरांनी काही लक्षण नसताना टीटीजी करायला लावली तेव्हा मला राग आला होता, एका दुखण्यात दुसरं कशाला उकरता म्हणून. नंतर कळलं की टाइप १ चीही जीन बरीचशी हीच, डीक्यू२ आणि डीक्यू८, त्यामुळं दोन्ही आजार एकाच लेकरात येतात कधीकधी. त्याचा निगेटिव्ह आला, पण अधूनमधून परत करायला सांगितलीय. डाऊन सिंड्रोम, टर्नर सिंड्रोम, थायरॉइडवाल्या लेकरांचंही असंच बघतात म्हणे. ज्यांच्या घरी असं लेकरू आहे त्यांनी विचारून घ्या.

सुगरण_धाराशिव
जीन, जीन खूप झालं, ताई तुमच्या स्वयंपाकघराचं काय? माझ्या भाचीला सिलियाक आहे, तिच्यासाठी मी धडे घेतलेत. चपाती बंद केली म्हणजे गहू बंद झाला असं नाही. आपल्या येसरात भाजलेला गहू असतो, म्हणजे येसर आमटी गेली. मेतकुटात गहू. थालीपिठाच्या भाजणीत गहू. कुरडया तर गव्हाच्या चिकाच्याच. डबीतला हिंग उलटा करून वाचा, बहुतेकांत मैदा किंवा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, म्हणजे रोजच्या फोडणीतून जातं. धपाट्यात सवयीनं आपण मूठभर कणीक टाकतोच. अंगणवाडीच्या पाकिटावरपण वाचा.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे गिरणी. आमच्या गल्लीतल्या गिरणीत माझ्या पुढचीनं गव्हाचा डबा ओतला, त्याच्यावर लगेच माझी ज्वारी, पहिलं किलोभर पीठ पांढरट पिवळं पडलं ते मी डोळ्यानं बघितलं. गिरणीवाला म्हणाला काय झालं काकू, थोडंसं तर मिसळलं. त्याला काय सांगायचं. शेवटी वहिनीनं घरघंटी घेतली, तिच्यात गहू घालायचाच नाही असा नियम केला. काटवट वेगळी, लाटणं-पोळपाट वेगळं, तवा वेगळा. लाकडी काटवटीच्या भेगांत कणीक बसते ती कितीही घासा निघत नाही.

काळी_माती
@सुगरण_धाराशिव ताई शंभर टक्के. आणि ज्यांच्या घरी असं लेकरू आहे त्यांनी ज्वारी घ्यायची तर परभणी शक्ती नावाचं वाण विचारा, आमच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेसोबत काढलेलं, २०१८ ला आलं, त्यात लोह आणि जस्त जास्त आहे. रक्त कमी असलेल्या लेकराला बरंच की. मी विद्यापीठाचा माणूस म्हणून जाहिरात करतोय असं समजा हवं तर.

बालाघाटचा_वारा
मी खपलीबद्दल वाचलं, त्यात ग्लुटेन आहे हे मान्य. पण मग डॉक्टरच सगळ्यांनाच गहू सोडा म्हणतात त्याचं काय? आमच्या ओळखीचा जिमवाला सगळ्यांना सोडायला लावतोय.

पोरांचा_डॉक्टर
@बालाघाटचा_वारा तपासणी न करता गहू सोडायला लावणं हे माझ्या मते सगळ्यात वाईट. गहू सोडला की अँटिबॉडी उतरतात, आतडं भरून येतं, आणि मग खरा आजार असला तरी टेस्टमध्ये दिसत नाही. मग पुन्हा गहू चारून तपासावं लागतं, लेकराचे हाल. टीटीजी करताना गहू खाणं चालू असलं पाहिजे, सोबत एकूण आयजीए (अँटिबॉडीचा एक प्रकार, टीटीजी टेस्ट त्यातल्याच मोजते) मोजलं पाहिजे, कारण काहींच्या शरीरात आयजीएच कमी असतं आणि रिपोर्ट खोटाच नॉर्मल येतो. जीन टेस्टला मात्र काय खाल्लं न खाल्लं याचा फरक पडत नाही, जन्मभरात एकदाच करायची, उत्तर बदलत नाही.

रेणापूरची_लेक
थांबा थांबा. डॉक्टरसाहेब, मग आमच्या धाकट्याचा घोळ झाला की. थोरलीमुळं आम्ही घरातला गहूच बंद केला, काटवट-तवा दोन-दोन ठेवायला जागा नाही म्हणून. धाकट्यानं भाकरी, भात, वरण, केळं एवढंच खाल्लंय, गहू फक्त पाहुण्यांच्या घरी कधी बिस्किटातून गेला असंल. म्हणजे त्याची टीटीजी केली तर उगं नॉर्मल येणार?

पोरांचा_डॉक्टर
येणार. म्हणूनच तुमच्या बाबतीत जीन टेस्ट आधी, हे तुमच्या डॉक्टरांनी बरोबर सांगितलंय.

रेणापूरची_लेक
रिपोर्ट आला. टेस्ट करून टाकली शेवटी, नमुना मुंबईला गेला होता. डीक्यू२ आहे, एकच प्रत. डीक्यू८ नाही. पण कागदावर लाल अक्षरात "हाय रिस्क" छापलंय आणि कालपासून घरात सुतक लागल्यासारखं झालंय. आत्या सकाळी म्हणाल्या याला जन्मात गहू दाखवायचा नाही. हे गप्प. मला कळंना रडावं का नाही.

शुगरवाली_आई
ताई रडू नका, लॅबचं छापील असतं ते. माझ्या मुलाच्या कागदावर तर तांबड्या रंगात काय काय असतं.

अंबडचा_बाप
एक प्रत म्हणजे माझ्या थोरल्या मुलाचं आहे तेच. तो १२ वर्षांचा आहे, टीटीजी दर दोन-तीन वर्षांनी करतो, अजून नॉर्मल. धावायला लेकीच्या पुढं.

पोरांचा_डॉक्टर
ताई, तो लाल शिक्का "साधारण लोकांच्या मानानं" आहे. साधारण लोकांत शंभरात एक धरला तर तुमच्या धाकट्याचं काही पट जास्त, तरी बहुतेक वेळा न होण्याचीच बाजू जड. डीक्यू२ ची प्रत तर रस्त्यानं चालणाऱ्या दर तीन-चार माणसांत एकाकडं असते, त्यांना कुणी सांगितलेलं नाही इतकंच. आणि एचएलएपलीकडं चाळीसच्या वर छोटी-मोठी जीन सापडलीत, त्यांचा एकेकीचा वाटा इतका बारीक की त्यावरून कुणाचं काही सांगता येत नाही.

पुढं काय. आजार झालेला नसताना लेकराला जन्मभर गव्हाविना ठेवण्याला आज तरी आधार नाही. तुमच्या डॉक्टरांना विचारा, पण बहुतेक ते म्हणतील, थोडा गहू सुरू करा, थोरलीपासून वेगळा ठेवून, ढीगभर नको, आणि काही महिन्यांनी, तो दोन-तीन वर्षांचा झाला की टीटीजी आणि आयजीए. नॉर्मल आली तर अधूनमधून परत. मधे वजन थांबलं, रक्त उतरलं, पोट बिघडलं तर लगेच. आणि तुम्ही दोघं अजून गहू खाताय का?

रेणापूरची_लेक
मी शाळेत स्टाफरूममध्ये चपाती खाते, हे कंपनीच्या कँटीनमध्ये. म्हणजे आमची टीटीजी होऊ शकते. सोमवारी दोघंही देतोय. आत्यापण येते म्हणाल्या, मीच चकित झाले. म्हणाल्या माझं निघालं तर तुझ्या बापाला फोन मी करीन.

मुक्काम_पोस्ट_औसा
आत्याबाईचा नंबर एक! 🙏

कडक_चहा
ताई धाकट्याला गहू द्यायचा म्हणजे घरात पुन्हा कणीक आणावी लागणार, मग थोरलीचं कसं करणार? मी चेष्टा करतो पण हा खरा प्रश्न वाटला.

रेणापूरची_लेक
@कडक_चहा तेच डोक्यात आहे. यांच्या मते धाकट्याला शेजारी माझ्या जाऊबाईंच्या घरी चपाती खाऊ घालायची आणि तोंड-हात धुवून घरी आणायचं. घरात कणीक येणार नाही. बघू किती दिवस जमतंय. थोरली आत्ताच विचारायलीय, त्याला काकूकडं रोज काय देतात म्हणून.

सुगरण_धाराशिव
तिला सांगा त्याला औषध देतात. आणि येसर मी ज्वारी, बाजरी, हरभरा डाळ आणि थोडा तांदूळ भाजून केलं, गव्हाविना, आमटी दाट होते, भाचीच्या घरी आता तेच चालतं. हिंग म्हणून खडा हिंग आणून घरीच कुटते, दुकानदाराला "नुसता खडा, भेसळीचा नको" म्हणून दोनदा विचारून घ्यायचा.

काळी_माती
प्रमाण टाका ताई. ज्वारी किती, बाजरी किती?

संचालक
येसराचं प्रमाण पाककृती विभागात नवीन धाग्यावर टाका, इथं लिंक द्या. हा धागा आजाराच्या चर्चेसाठी चालू राहील.

सुगरण_धाराशिव
बरं. दोन वाट्या ज्वारीला एक वाटी बाजरी, बाकीचं तिकडं लिहिते.